आरोग्यविमा सक्तीचा करावा का? टीपीए डेस्कवरून दिलेलं उत्तर

प्रश्न असा आहे: "अमेरिकेने २०१० साली कायदा करून प्रत्येकाला आरोग्यविमा घ्यायला लावला. आपल्याकडे स्कूटरला विमा सक्तीचा आणि ती चालवणाऱ्या माणसाला नाही. सरकारने एकदाची सक्ती केली, गरिबांचा हप्ता स्वतः भरला, तर दागिने मोडून ऑपरेशन करायची वेळ कुणावर येणार नाही. मग घोडं अडलंय कुठे?" विचारणारे हिंजवडीत नोकरीला आहेत, आईवडील कोथरूडला असतात आणि त्यांच्या पॉलिसीचा हप्ता दरवर्षी वाढतोय. शेवटी त्यांनी हेही विचारलंय, की तोवर आईबाबांसाठी काय करू.

मी पुण्यातल्या खासगी हॉस्पिटलांत बिलिंग आणि टीपीए डेस्क (विमा कंपन्यांतर्फे क्लेम हाताळणाऱ्या मधल्या संस्थांशी व्यवहार करणारी खिडकी) सांभाळत वीसहून जास्त वर्षं काढली आहेत. प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीची विनंती, पाठवायची, कंपनीच्या क्वेरींना उत्तरं द्यायची आणि डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांची बोलणी खायची, हे माझं काम. माझं मत आधीच सांगून टाकते. सक्ती हवी, पण तिची सुरुवात तुमच्यापासून नको. ती आधी विमा कंपन्यांवर आणि आमच्यासारख्या हॉस्पिटलांवर हवी. ग्राहकाला हप्ता भरायला लावणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, म्हणून सगळी चर्चा तिथेच फिरत राहते.

स्कूटरचं आधी बघू. मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याला उडवलं तर त्या दुसऱ्याला भरपाई मिळावी म्हणून. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही. तो विमा ऐच्छिकच आहे. शिवाय थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, कंपनीला मनाला येईल तो आकडा लावता येत नाही. आणि इतका स्वस्त, साधा नियम असूनही देशातल्या जवळजवळ निम्म्या गाड्या विम्याशिवाय धावतात, त्यातही दुचाक्या जास्त. हेल्मेटसक्तीचं काय झालं हे ज्या शहराने पाहिलंय, त्या शहराला सक्तीबद्दल आणखी काय सांगायचं!

आता अमेरिका. २३ मार्च २०१० रोजी ओबामांनी सही केलेल्या कायद्यात विमा घेण्याची सक्ती होती हे खरं, पण ती एकटी नव्हती. कंपनीने कुणालाही जुन्या आजारामुळे नाकारायचं नाही आणि त्यासाठी जादा पैसेही घ्यायचे नाहीत, हे आधी आलं. वयस्कर माणसाचा हप्ता तरुणाच्या तिपटीपलीकडे न्यायचा नाही, हेही आलं. जमलेल्या हप्त्यातला ८० ते ८५ टक्के भाग उपचारांवर खर्च झालाच पाहिजे, नाहीतर उरलेला ग्राहकाला परत करायचा, असंही बंधन आलं. कमी उत्पन्नाच्या लोकांना हप्त्यासाठी सरकारी अनुदान आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजनेचा विस्तार. एवढं सगळं कंपन्यांच्या आणि सरकारच्या गळ्यात बांधल्यावर मग नागरिकाला सांगितलं, की आता तूही आत ये.

हे एकमेकांना का बांधावं लागतं, ते आमच्या खिडकीवर रोज दिसतं. अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन "मॅडम, आता पॉलिसी काढली तर चालेल का?" असं विचारणारे लोक येतातच. आजारी पडल्यावर विमा घेता आला तर धडधाकट माणूस हप्ता कशाला भरेल? मग कंपनीकडे फक्त आजारी लोक उरतील, हप्ता वाढेल, हप्ता वाढला की त्यातले बरे असलेले आणखी बाहेर पडतील. हे टाळायला आपल्याकडे कंपन्या जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ ठेवतात. पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असायचा, २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे उद्या सक्ती आलीच, तर प्रतीक्षाकाळ आणि प्रस्ताव नाकारण्याचा अधिकार, या दोन्हींवर कंपन्यांना पाणी सोडावं लागेल. सगळे आत आल्यावर त्यांची गरजच उरत नाही. सक्तीची मागणी करणाऱ्यांपैकी हे बोलताना मी फार थोडे ऐकले आहेत, आणि विमा कंपन्यांच्या लोकांपैकी तर कुणीच नाही.

अमेरिकेतल्या त्या सक्तीचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०१२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ती टिकली, तीही कर लावण्याच्या अधिकाराखाली. विमा न घेणाऱ्याला दंड होता: २०१६ मध्ये प्रौढ माणशी ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, जे जास्त असेल ते. विमा नसलेल्यांचं प्रमाण २०१० मध्ये १६ टक्के होतं, ते २०१६ पर्यंत ९ टक्क्यांवर आलं. मग ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत २०१७ च्या शेवटी कायदा करून दंड शून्य केला गेला, २०१९ पासून तो लागत नाही. सगळी योजना कोसळणार असं तेव्हा बोललं जात होतं. कोसळली नाही. उलट २०२१ मध्ये अनुदान वाढवल्यावर या कायद्याखाली उभारलेल्या विमाबाजारातून विमा घेणाऱ्यांची संख्या पुढच्या चार वर्षांत दुप्पट झाली. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथलं सरकारी कामकाज महिनाभराहून जास्त बंद पडलं, ते याच वाढीव अनुदानाच्या भांडणावरून. तिथे आज भांडण आहे ते अनुदानाचं, दंडाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. लोकांना आत आणण्याचं खरं काम कशाने केलं, हे मला तरी त्यातून स्पष्ट दिसतं.

आपल्याकडे कधी सक्ती झालीच नाही, असंही नाही. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाउनमध्ये कारखाने सुरू करायला परवानगी देताना केंद्रीय गृहखात्याने कामगारांचा वैद्यकीय विमा बंधनकारक केला होता. तेव्हा आमच्याकडे कंपन्यांच्या एचआरवाल्यांचे फोनवर फोन यायचे. नंतर आदेशातल्या त्या ओळीचं काय झालं कुणी विचारलं नाही.

आणि तुम्ही, हिंजवडीकर, तर आत्ताही सक्तीच्याच विम्यात आहात. तुमच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी म्हणजे दुसरं काय? नोकरीवर रुजू झालात की आपोआप आत. मेडिकल तपासणी नाही, प्रतीक्षाकाळ नाही, जुना मधुमेह पहिल्या दिवसापासून कव्हर, बाळंतपणही पहिल्या दिवसापासून. हे सगळं विमा कंपनीला परवडतं, कारण बाविशीतली धडधाकट पोरंही आत आहेत आणि त्यांना "मला नको" म्हणायची सोय नाही. सक्तीच्या बाजूने यापेक्षा चांगला पुरावा मला देता येणार नाही.

पण त्याच पॉलिसीने सक्तीच्या मर्यादाही दाखवल्या आहेत. नोकरी गेली की विमा गेला. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण नोकरी सुटलेल्या महिन्यात कोण त्या कागदांच्या मागे लागतं? एखाद्या वर्षी क्लेम जास्त आले की पुढच्या वर्षी आईवडिलांना को-पे लागतो, म्हणजे बिलाचा ठरलेला हिस्सा स्वतः भरावा लागतो, नाहीतर त्यांचं कव्हर अर्धं होतं. तिसरी गोष्ट आमच्या बाजूची आहे, आणि ती सांगितल्याबद्दल आमच्या क्षेत्रातले लोक माझ्यावर चिडतील. बऱ्याच हॉस्पिटलांत एकाच शस्त्रक्रियेचे तीन दर असतात: रोख भरणाऱ्याचा, विमावाल्याचा आणि सरकारी योजनेचा. खोलीप्रमाणेही दर बदलतात. तोच सर्जन, तेच ऑपरेशन थिएटर, तेवढाच वेळ, पण पेशंट जनरल वॉर्डात असेल तर एक फी आणि सिंगल रूममध्ये असेल तर दुसरी. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल तर याचा फटका कसा बसतो, ते एका हिशेबाने सांगते. मर्यादा दिवसाला ५,००० आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत, तर वरचे तीन हजार आपण भरू, एवढाच हिशेब लोक करतात. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, थिएटर, नर्सिंग असे जे आकार खोलीशी जोडलेले आहेत, ते सगळेच आठास पाच या प्रमाणात कापले जातात. असे आकार १,६०,००० चे असतील तर मंजूर होतात एक लाख, बाकी साठ हजार तुमच्या खिशातून. औषधं आणि इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही, हे नशीब. डिस्चार्जच्या वेळी हे समजतं तेव्हा माणूस माझ्यावर ओरडतो. आणि मी ऐकून घेते, कारण ॲडमिशनच्या फॉर्मवर त्याने जिथे सही केली तिथे हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

तर मुद्दा हा, की दरावर कुणाचाच हात नसताना सगळ्यांना विम्यात ढकललं, तर बिलं वाढतील, बिलांमागे हप्ते वाढतील आणि सरकार ज्यांचा हप्ता भरणार त्यांचा बोजा तिजोरीवर येईल.

दर ठरवता येत नाहीत हे मात्र मला कुणी सांगू नये. मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटा ताब्यात घेऊन दर बांधून दिले: वॉर्ड दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. आमच्या लोकांनी बोंब मारली, त्यात मीही होते. काही तक्रारी खऱ्या होत्या. नर्स दुप्पट पगार मागत होत्या आणि ऑक्सिजनचा खर्च कुठच्या कुठे गेला होता. पण त्या दरांत काम चाललं. आणि जिथे दर बांधलेले नव्हते, म्हणजे पीपीई किट, महागडी इंजेक्शनं, तपासण्या, तिथेच बिलं फुगली. पुण्यात महापालिकेचे ऑडिटर मोठी बिलं तपासायला बसले आणि काही ठिकाणी पैसे परत द्यावे लागले. तो काळ संपला, आदेश संपले, आणि सगळं पुन्हा पूर्वीसारखं झालं. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने नर्सिंग होमच्या नियमांत बदल करून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. तो फलक तुमच्या जवळच्या हॉस्पिटलात कुठे लावलाय ते एकदा शोधाच. मी एका ठिकाणी तो लिफ्टच्या मागच्या भिंतीवर पाहिलाय.

हॉस्पिटलांवरच्या सक्तीचा आणखी एक जुना नमुना पुण्यातच आहे. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना जमीन, कर यांत सवलती मिळतात. त्या बदल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. शिवाय बिलांच्या एकूण रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहे. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, हेही त्यात आहे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलने गर्भवतीच्या नातेवाइकांकडे दहा लाखांचं डिपॉझिट मागितल्याच्या आरोपावरून आणि नंतर तिच्या झालेल्या मृत्यूवरून केवढं रान पेटलं, ते सगळ्यांना आठवत असेल. नियम तेव्हाही होता, त्याच्या आधीही होता. आमच्या क्षेत्रात सगळ्यांना तो पाठ आहे. तो पाळला जातोय का हे बघायला धर्मादाय आयुक्तांकडे माणसं किती, हा प्रश्न मात्र तेव्हा चार दिवस विचारला गेला आणि मग बंद झाला.

विमा सक्तीचा नसूनही पुण्यात किती जण कशा ना कशात आहेत, हे मोजायला बसलं तर मजा येते. निवृत्त जवान ईसीएचएसमध्ये, केंद्राचे कर्मचारी सीजीएचएसमध्ये, महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची स्वतःची योजना वेगळी, आयटीवाले ग्रुप पॉलिसीत आणि भोसरी-चाकणचे कामगार ईएसआयमध्ये. यातलं ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, हे आपलं खरंखुरं सक्तीचं आरोग्यविम्याचं उदाहरण, १९४८ च्या कायद्यापासूनचं. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के, आणि त्यात ओपीडी, औषधं, आजारपणातला पगार, बाळंतपण सगळं. खर्चाला वरची मर्यादा नाही. कोणतीही खासगी पॉलिसी इतकं देत नाही! आणि तरीही चिंचवडच्या मोहननगरच्या किंवा बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलात जायचं म्हटलं की कामगाराच्या कपाळावर आठ्या येतात, कारण तिथे डॉक्टर आणि सोयी पुरेशा नाहीत असा त्याचा अनुभव. त्यात पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० वर अडकलेली. चाकणच्या ऑपरेटरला पगारवाढ झाली आणि आकडा २१,००० च्या वर गेला, की चालू सहामाही संपल्यावर तो बाहेर. एका हाताने वाढ, दुसऱ्या हाताने विमा काढून घेतला. सक्तीचा कायदा नवीन हवाय की आहे तो नीट चालवायला हवा, असं मला इथे विचारावंसं वाटतं.

यातून उरतात ते रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या मावश्या, टपरीवाले, कंत्राटावरचे सुरक्षारक्षक, क्लासेस घेणारे. ज्याची पगारचिठ्ठीच नाही त्याच्याकडून हप्ता कापायचा कुठून? जर्मनीने १८८३ मध्ये सक्तीचा विमा सुरू केला तो कारखान्यातल्या कामगारांपासून, पगारातून कापून. आपल्या देशात बहुतेक लोक असे काम करतात, की त्यांचा पगार कुठल्याही वहीत नसतो. थायलंडची परिस्थिती आपल्यासारखीच होती. त्यांनी २००२ मध्ये हप्ते गोळा करायच्या भानगडीत न पडता करांच्या पैशातून सगळ्यांना योजनेत घेतलं. सुरुवातीला एका भेटीला फक्त तीस बाथ. २०११ मध्ये डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने आपल्या नियोजन आयोगालाही साधारण हाच सल्ला दिला होता: विम्याच्या वाटेने जाऊ नका, करांच्या पैशातून सरकारी सेवा मजबूत करा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ असं म्हटलं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि तेव्हा कोविड होता.

महाराष्ट्रात तर हा वाद कागदावर संपलेलाच आहे, ही गंमत. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. दीड लाखाचं कव्हर होतं, आणि मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांसाठी. जुलै २०२४ पासून ते केंद्राच्या आयुष्मान भारतसारखं कुटुंबाला वर्षाला पाच लाख झालं आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लागू झालं. म्हणजे कोथरूडचा बंगलेवालाही आत. एक रुपया हप्ता नाही. मग आमच्याकडे लोक अजून कर्ज काढून का येतात?

कारण योजनेचं कार्ड म्हणजे उपचार नव्हे. ज्या हॉस्पिटलात तुमचा डॉक्टर आहे, ते योजनेत असलं पाहिजे. पुण्यातली काही मोठी नावं योजनेत नाहीत किंवा मोजक्या विभागांपुरती आहेत. पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा येतात, हे त्यांचं कारण. हे नुसतं रडगाणं नाही, मी ती थकबाकीची यादी दर महिन्याला बघितली आहे. छोट्या नर्सिंग होमला सहा महिने पैसे अडकले तर ते पगार कुठून करणार? पण दुसरीकडे हेही पाहिलंय, की हॉस्पिटल योजनेत असतं, आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं, आणि पेशंटला सांगितलं जातं की योजनेच्या खाटा भरल्यात. तुमचा आजार पॅकेजच्या यादीत बसला पाहिजे, ही आणखी एक अट. आणि ॲडमिट झालात तरच.

हे "ॲडमिट झालात तर" फार महत्त्वाचं आहे आणि सक्तीच्या चर्चेत ते कुणी काढत नाही. भारतात लोक खिशातून जो खर्च करतात, त्यात सगळ्यात मोठा वाटा औषधांचा आणि ओपीडीचा आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या, थायरॉइड, दम्याचे पंप, सहा महिन्यांनी सोनोग्राफी. बायपास एकदाच होते, गोळ्या मरेपर्यंत. विमा मात्र बहुतेक चोवीस तासांच्या ॲडमिशनवर उभा आहे. डे-केअरच्या, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडण्याच्या, यादीतल्या गोष्टी सोडल्या तर बाहेरच्या बाहेर झालेल्या उपचारांना तो हात लावत नाही. यातून काय होतं? "मॅडम, एक रात्र ॲडमिट दाखवा ना, एमआरआय बसवून टाकू." आणि कंपनी तो क्लेम "केवळ तपासणीसाठी भरती" म्हणून फेटाळते. देशातला खिशातून होणारा खर्च २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चाच्या ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला असं राष्ट्रीय आरोग्य लेखा सांगतो. बरं झालं. पण उरलेला जो आहे, तो प्रत्येकाला पाच लाखांचं कव्हर सक्तीने विकून कमी होणारा नाही. त्यासाठी पालिकेच्या दवाखान्यात गोळ्या असाव्या लागतात.

पुण्यात जन आरोग्य अभियान या आरोग्यहक्कांच्या चळवळीत काम करणारी मंडळी हे वर्षानुवर्षं सांगत आली आहेत आणि बहुतेक बाबतीत मला ते पटतं. माझं त्यांच्याशी भांडण एवढंच, की विमाच नको म्हणून आज रात्री ॲडमिट होणाऱ्याचं भागत नाही. सरकारी ससून हॉस्पिटलात खाट नाही, पेशंट सोलापूरहून ॲम्ब्युलन्समध्ये निघालाय, त्याला कोणतं तरी कार्ड लागतंच. पण ससूनचं महत्त्व मला खासगीत राहून जास्त कळलं. १८६७ पासून उभं असलेलं हे हॉस्पिटल, पिंपरीचं वायसीएम आणि मंगळवार पेठेतलं कमला नेहरू जितकी चांगली चालतील, तितकं आम्हाला खासगीत दर आवरते ठेवावे लागतात. गिऱ्हाईकाला दुसरं दुकान आहे हे दिसलं की दुकानदार नीट बोलतो, तसंच आहे हे.

म्हणून माझ्या हातात असतं तर मी क्रम असा लावला असता. प्रत्येक हॉस्पिटलने नेहमीच्या शस्त्रक्रियांचा खोलीशी न बांधलेला एकच दर जाहीर करायचा आणि तो रोखीवाल्याला आणि विमावाल्याला सारखा, हे पहिलं. योजनेचे दर खर्चाचा अभ्यास करून वाढवायचे, पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे, उशीर झाला तर व्याज द्यायचं, आणि मग सवलती घेणाऱ्या प्रत्येक धर्मादाय हॉस्पिटलला योजना बंधनकारक. ईएसआयची पगारमर्यादा वाढवायची. विमा कंपन्यांवर अमेरिकेसारखं, हप्त्यातला किती भाग उपचारांवर गेला याचं बंधन. आणि हे चालायला लागल्यावर, ज्याला परवडतं त्याच्यावर विमा घेण्याची सक्ती खुशाल करा. मी स्वतः रांगेत पहिली उभी राहीन. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात मधल्या वर्गातल्या ४० कोटी लोकांसाठी स्वस्त, ऐच्छिक विम्याची कल्पना आहे. तीही मला नापसंत नाही, फक्त आधीच्या गोष्टी न करता ती आणली तर पुन्हा आजारी लोकच ती घेतील.

आता तुमचे आईबाबा. दोघांपैकी ज्यांचं वय ७० पूर्ण आहे, त्यांचं आयुष्मान भारत योजनेतलं वय वंदना कार्ड काढून घ्या. उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांचं कव्हर आहे आणि खासगी पॉलिसी असली तरी ते मिळतं. ते सीजीएचएस किंवा ईसीएचएसमध्ये असतील तर मात्र एकच निवडावं लागेल. हप्त्याचं म्हणाल तर, जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला इर्डाकडे, म्हणजे विमा नियामकाकडे, जावं लागतं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी नाही, तो पूर्वी १८ टक्के होता. पावतीवर हे दोन्ही तपासा. हप्ता वाढला म्हणून जुनी पॉलिसी सोडू नका. सलग पाच वर्षं झाली असतील तर लबाडी सिद्ध झाल्याशिवाय जुना आजार लपवला या कारणाखाली कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, आणि हे पैशात मोजता न येणारं आहे. बदलायचीच असेल तर पोर्ट करा, म्हणजे जुने लाभ राखून दुसऱ्या कंपनीत न्या, नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज जायला हवा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा किती आहे ते आज रात्री काढून बघा, ॲडमिशनच्या दिवशी नको.

ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर आधी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला भेटा आणि खोलीप्रमाणे अंदाजपत्रक लेखी मागा. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत कंपनीने उत्तर द्यायचं, असा इर्डाचा नियम आहे. उशीर झाला तर तीन तासांनंतरचा हॉस्पिटलचा जादा आकार कंपनीने सोसायचा असतो, तुम्ही नाही. क्लेम नाकारला आणि तुम्हाला ते पटलं नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. त्यांनी फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही आणि पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण ते ऐकतात. क्लेम नाकारल्याचं पत्र, तुमच्या तक्रारीची प्रत आणि डिस्चार्ज कार्ड एवढं सोबत लागतं. मेलवर असेल तर प्रिंट काढून न्या.